साधी फॉइल, जर्मन फॉइल

अब्बा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ तुम्ही असताना कधी आलीच नाही. दुकान खाली, घर वर, मध्ये एक लाकडी जिना. काही सांगायचं असलं की मी जिन्यात उभी राहून ओरडायचे आणि तुम्ही खालून म्हणायचात, "हळू बोल, बहिरा नाहीये मी." आता तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं होत आली. घरात आपण सगळे दख्खनी बोलायचो, पण तुमच्याशी भांडायचं झालं की मी मराठीत भांडायचे, कारण दुकानाची भाषा मराठी होती आणि आपली सगळी भांडणं दुकानातली होती. म्हणून हेही मराठीतच लिहितेय. यात भांडण किती आणि बाकीचं किती, ते माझं मलाच नीट सांगता येणार नाही.

बातमी अशी की मी बी. ए. करायचं ठरवलंय. हसू नका. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आणि आई बी. ए.च्या पहिल्या, असा आमच्या घरचा सध्याचा थाट आहे. वाघोलीच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मी नोकरी करते. तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट आहे ही. फाटकी पुस्तकं शिवायला म्हणून त्यांनी मला आठवड्यातून दोनदा बोलवायला सुरुवात केली आणि मग ठेवूनच घेतलं. म्हणजे नोकरी लागली ती तुमच्या दाभणाच्या जिवावर. आता तिथले सहायक तीन-चार वर्षांत रिटायर होतील. ग्रंथपाल मॅडम माझ्याहून लहान आहेत, पण मनानं चांगल्या. त्या म्हणाल्या, "ताई, ती जागा तुम्हालाच मिळावी असं मला वाटतं. तोवर फक्त ग्रॅज्युएशन करून टाका. कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते." कोणतीही, हा शब्द त्या किती सहज बोलून गेल्या. त्यांचे वडील बाइंडर नव्हते.

तुमच्या मागच्या फळीवर सोनेरी अक्षरं छापायच्या फॉइलचे दोन रोल असायचे, ते मला डोळे मिटले तरी दिसतात. एक मुंबईहून यायचा, पातळ कागदात गुंडाळलेला. त्याला तुम्ही "जर्मन" म्हणायचात. तो खरंच जर्मनीहून यायचा का, कुणास ठाऊक. दुसरा साधा, पेठेतल्याच दुकानातला. नव्या कामावर दोन्ही सारखेच चकाकायचे. फरक दिसायचा तो चार-पाच वर्षांनी. साधीची अक्षरं काळवंडायची, जर्मनची तशीच राहायची. प्रबंध बांधायला आला की तुम्ही पहिलं पान उघडायचात. विषय वाचायचा नाहीत, लिहिणाऱ्याचं नाव वाचायचा नाहीत. विद्यापीठाचं नाव तेवढं बघायचात आणि मला म्हणायचात, "जर्मन काढ." किंवा नुसतंच, "काढ." नुसतं "काढ" म्हणजे साधी. गिऱ्हाइकाला यातलं काही कळायचं नाही, ते आपलं काळ्या रेक्झिनवरची सोनेरी अक्षरं बघून खूश व्हायचं. शाळेत असताना एकदा मी विचारलंही होतं की पैसे तर तुम्ही सगळ्यांकडून सारखेच घेता, मग हे काय? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पैसे कामाचे. सोनं नावाचं." पुढे काही विचारायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

आपल्या शहरातल्या मोठ्या विद्यापीठाला कायम जर्मन. बाहेरगावच्या दोन-तीन नामांकितांना जर्मन. बाकी सगळे साधीत. आणि टपालानं शिकलेल्यांकडे तर तुम्ही दुसऱ्यांदा बघायचाही नाहीत. विश्रांतवाडीच्या एक शिक्षिका आल्या होत्या, आठवतात? आठवत असणारच, त्यांच्यावर पुढे बोलायचंच आहे. शाळा सांभाळून, सासूचं आजारपण काढून त्यांनी टपालानं एम. ए. केलं होतं आणि एवढासा शोधनिबंध स्वतः टाइप करून आणला होता. तुम्ही म्हणालात, "काढ." मी काढली. काम झाल्यावर त्या तिथेच स्टुलावर बसल्या आणि पाठीवरच्या अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. "किती सुरेख चकाकतंय हो," म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "चकाकणारच." मी खळीचं भांडं घेऊन आत गेले. मला तिथे उभं राहवेना.

तुम्ही वाईट नव्हतात, हे मी स्वतःला सांगत असते. तुमच्या त्या फळीमागे काय होतं, ते मला एकदा दिसलं होतं. तुम्ही मला लुनावर मागे बसवून विद्यापीठात नेलं होतं, माझ्या मांडीवर बाइंडिंग झालेल्या प्रबंधांचा गठ्ठा. मी आठवी-नववीत असेन. गेटमधून आत शिरताना तुम्ही लुना इतकी हळू केलीत की मला वाटलं पेट्रोल संपलं. ती मोठाली झाडं, ती शांतता, सायकलवरून जाणाऱ्या मुली. विभागाच्या ऑफिसाशी आपण पोचलो आणि तुम्ही दाराबाहेर चपला काढल्यात. दुसऱ्या कोणीच काढल्या नव्हत्या. आतले क्लार्क बूट घालून बसले होते, मुलं सँडल वाजवत येत-जात होती आणि तुम्ही अनवाणी, दोन्ही हातांवर गठ्ठा घेऊन उभे. "तिकडे ठेवा," असं कोणीतरी म्हणालं, तुमच्याकडे न बघता. तुम्ही ठेवलंत. बाहेर आल्यावर चपला घालता घालता मला म्हणालात, "तू यायचंस इथे. गठ्ठा द्यायला नाही." तुमचे डोळे भरले होते की ऊन लागत होतं, तेव्हा कळलं नाही. आता कळतं, आणि तुमच्याशी भांडायला बसले की नेमका तोच प्रसंग आडवा येतो.

बारावी झाले तेव्हा तुम्ही मला फोल्डर करून दिलंत. काळ्या रेक्झिनचं, आतून जांभळं अस्तर, पदवीचं प्रमाणपत्र ठेवायला. वर मोठ्या विद्यापीठाचं नाव, जर्मनमध्ये. खाली जागा मोकळी. अम्मीनं विचारलं, हिचं नाव नाही घातलंत? तुम्ही म्हणालात, "नाव पदवी आल्यावर. आधी छापलं की नजर लागते." ते फोल्डर घेऊन मी गल्लीभर मिरवले होते. अजून आहे माझ्याकडे. त्यात सध्या लाइटची बिलं, अम्मीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे कागद आणि गॅसचं पुस्तक असतं.

पहिलं वर्ष मी कॉलेजात गेले. मग तुमची साखर वाढली, उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, टाका सरळ पडेना. तुम्ही म्हणालात, एक वर्ष दुकानात बस, पुढच्या वर्षी परत जा. त्या एका वर्षाची किती वर्षं झाली ते तुम्हालाही माहीत आहे. मी तक्रार केली नाही, कारण काम मला आवडायचं, आणि तुमच्या हाताकडे बघवायचं नाही. पण एके दिवशी मी मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका घेऊन आले. दुकानात बसून वाचता येईल, रविवारी तास, परीक्षा द्यायची, पदवी घ्यायची. मी किती खुशीत होते. सगळं सांगितलं तुम्हाला, एका दमात. तुम्ही पुठ्ठ्याला खळ लावत होतात. खाली घ्यायला रद्दी कागद हवा असतो. तुम्ही हात लांब केलात, ती पुस्तिका उचललीत, मधलं पान टर्रकन फाडलंत, पुठ्ठ्याखाली घेतलंत आणि ब्रश फिरवायला लागलात.

"माझ्या मुलीला टपालाची पदवी नको," म्हणालात. "जाशील तेव्हा गेटमधून जाशील."

मी म्हटलं, "आणि गेलेच नाही तर?"

"तर नाही." एवढंच. मग म्हणालात, "ब्रश सुकतोय, पाणी आण." मी पाणी आणलं. मला तुमचा राग येतो, अब्बा. अजूनही येतो. त्या दिवशी आला नाही इतका आता येतो, कारण तेव्हा मला वाटलं होतं की तुमचंच बरोबर असणार.

आता त्या शिक्षिका. बऱ्याच वर्षांनी त्या पुन्हा आल्या. तुम्ही तेव्हा खुर्चीतच बसून असायचात, काम मी करायचे. त्यांनी पिशवीतून तो शोधनिबंध काढला. पाठीवरची अक्षरं काळी पडली होती, नाव तर वाचताच येत नव्हतं. त्यांनी तक्रार केली नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "माझ्याच हाताळण्यानं झालं असेल. पुन्हा करून द्याल का? लेकीला दाखवायचंय, ती आता शिक्षिका होतेय." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही किती तरी वेळ त्या पाठीकडे बघत होतात. मग उठलात. मला बाजूला केलंत, शेगडी पेटवलीत, त्यांच्या नावाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून छापायच्या लोखंडी मुठीत बसवलेत. आणि म्हणालात, "जर्मन काढ."

मी काढली. तुम्ही दाबलंत. विद्यापीठाचं नाव, त्यांचं नाव, सगळं जर्मनमध्ये. ओळ जरा तिरकी गेली, तुमच्या आयुष्यातली बहुतेक पहिलीच. पैसे द्यायला त्यांनी पर्स उघडली तर म्हणालात, "आमची चूक होती." त्या गोंधळल्या, त्यांना कसली चूक ते कळलंच नाही. मला कळलं. त्या गेल्यावर मी तुमच्या समोर बसून राहिले. उगाच खिळे पुसत बसले. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी बोलाल. "ती पुस्तिका पुन्हा आण," एवढंच म्हणाला असतात तरी मी धावत गेले असते. तुम्ही चहा मागितलात. मी करून आणला. चहा पिऊन तुम्ही म्हणालात, "शेगडी विझव." त्या दिवशी मी विचारायला हवं होतं का? पण मीच का विचारायचं? तुम्ही त्यांना म्हणालात ना, चूक होती म्हणून, मग मला म्हणायला काय झालं होतं? त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. विचारायचं राहून गेलं आणि सांगायचंही.

पुढचं थोडक्यात सांगते. दुकानाची जागा मालकानं परत घेतली, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. माझं लग्न झालं, विश्रांतवाडीला आले, हो, तिथेच. त्या शिक्षिका कधी बाजारात दिसतील असं वाटायचं, कधी दिसल्या नाहीत. जावई तुम्हाला आवडले असते, कमी बोलतात.

तर पदवी. मोठ्या विद्यापीठानंही आता बाहेरून शिकणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम काढलाय. तुम्ही असतात तर तुमची मोठीच पंचाईत झाली असती. नाव तेच, आणि गेट नाही. मी दोन्हीकडची चौकशी केली. मोठ्याचं सगळं कॉम्प्युटरवर, संध्याकाळी, बरंचसं इंग्रजीत. त्यांच्या माहितीच्या कार्यक्रमाला गेले, समजावून सांगणारी मुलगी गोड होती, तिला मी दोनदा तेच विचारलं तरी ती कंटाळली नाही. वाईट काहीच नव्हतं. पण मला संध्याकाळी वाघोलीहून घरी पोचायलाच दिवे लागतात, वर कणीक, कुकर. आणि खरं म्हणजे मला पडद्याकडे बघून शिकता येत नाही. मला समोर माणूस लागतं, जे म्हणेल, "अहो, कळलं का?"

मुक्तचं केंद्र कर्वेनगरला, एका शाळेत, रविवारी सकाळी. जवळच्या केंद्रात माझे विषय नव्हते. कर्वेनगर म्हणजे माझ्यासाठी शहराचं दुसरं टोक, पण गेले बघायला. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वाकवून बसली होती. एक सिक्युरिटीवाले, एक पार्लर चालवणाऱ्या, नागपूरकडचा एक कारखान्यातला मुलगा, रात्रपाळी करून आलेला. शिकवणाऱ्या बाई इतिहास सांगत होत्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "मागच्या ताई, नवीन दिसताय. कळतंय ना?" मला एकदम रडायला आलं. मी मान हलवली आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती आजकालची, सरळ बोलते. "अम्मी, ब्रँड मॅटर करतो, नो डाउट. पण तुला काय प्लेसमेंटला बसायचंय? जॉबला दोन्ही चालतात ना?"

"चालतात."

"मग इश्यू काय आहे?"

मी म्हटलं, "तुझे आजोबा."

ती म्हणाली, "ते तर मी जन्मायच्या आधीच गेले." तिच्या दृष्टीनं विषय तिथे संपला. मी मात्र पुढचा आठवडाभर पोळ्या लाटताना, बसमध्ये, पुस्तकं शिवताना तेच घोळवत होते. तुमच्या बाजूनं बोलायचं तर नावाला वजन असतं. लायब्ररीत येणारी मुलं एकमेकांना पहिलं तेच विचारतात, कुठून केलं. उद्या मलाही कोणीतरी विचारील, आणि मी मुक्तचं नाव घेतल्यावर समोरचा "अच्छा" म्हणेल. तो "अच्छा" मला माहीत आहे. तो तुमच्या "काढ"सारखा असतो. आणि तो ऐकायचा नाही म्हणून मी पुन्हा तीन वर्षं अशा ठिकाणी घालवू का, जिथे मला कळेल कमी आणि दिसेल जास्त? एका नावासाठी मी आधीच इतकी वर्षं थांबले. तुम्ही थांबवलंत म्हणून थांबले, मग सवय झाली म्हणून थांबले.

मी मुक्तला प्रवेश घेतला, अब्बा. फी भरली, ओळखपत्र आलं, फोटोत मी चिडलेली दिसते.

काल दुपारी घरात कोणी नव्हतं. दुकान रिकामं करताना अम्मीनं खिळ्यांचा डबा, ती लोखंडी मूठ आणि उरलेला जर्मन रोल बाजूला काढून ठेवला होता. माझ्या लग्नात दागिन्यांच्या डब्याखाली घालून दिला, कुणाला न सांगता. मी तो काढला. पुठ्ठा कापला, रेक्झिन चढवलं, आतून अस्तर लावलं, जांभळंच मिळालं. मग गॅसवर मूठ तापवली. रोलचे वरचे दोन-तीन वेढे पार सुकून गेले होते, काही उमटेना, मला वाटलं गेलीच. पण आतली चांगली निघाली. मुक्त विद्यापीठाचं नाव मी जर्मनमध्ये छापलं. ओळ सरळ आली. तुम्ही बघायला हवी होती. हे भांडण म्हणून केलं असं समजा हवं तर, पण करताना राग नव्हता. विश्रांतवाडीच्या बाईंची ती तिरकी ओळ तेवढी डोळ्यांसमोर होती.

खाली जागा मोकळी सोडलीय. माझ्या नावाचे खिळेही जुळवून ठेवलेत, आणि नावापुरती फॉइल शिल्लक आहे. लेक आली तेव्हा म्हणाली, मस्त झालंय, नाव पण टाक ना. मी म्हटलं, नाव पदवी आल्यावर, आधी छापलं की नजर लागते. तिनं डोळे फिरवले.

हे पत्र जुन्या फोल्डरमध्ये जाईल, गॅसच्या पुस्तकाखाली. तुम्हाला एक तेवढं सांगते, तिला सांगितलं नाही. नजरेबिजरेचं काही नाही. पदवी आली तरी माझ्यानं ते छापवणार नाही. मला येतं सगळं, तुम्हीच शिकवलंत. पण माझं नाव मला तुमच्या हातचं हवं होतं.